थम! कौन आता है? : सी भाषेच्या दारावरचा पहारा

 

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढायांबद्दल बोलतो. आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर जातील. आज आपण सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेबद्दल बोलणार आहोत, आणि त्यातही एका छोट्या प्रश्नाबद्दल: वापरणारा माणूस कीबोर्डवरून जे टाइप करतो, ते प्रोग्रॅमने आत कसं घ्यायचं? मी सिग्नल कोअरमध्ये नोकरी केली. बाहेरून आलेला संदेश कसा घ्यायचा, कसा तपासायचा, यातच माझं आयुष्य गेलं. त्यामुळे हा विषय मला परका वाटत नाही. आणि तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी चालेल. दारावरचा पहारेकरी म्हणजे काय हे माहीत असलं की पुरे.

निमित्त झालं एका पत्राचं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: "सर, माझा प्रोग्रॅम आधी वय विचारतो आणि मग वर्गाची तुकडी, म्हणजे ए किंवा बी. वय टाइप केलं की तो तुकडी विचारतो, पण उत्तराची वाटच बघत नाही, सरळ पुढे निघून जातो. असं का?"

हा प्रश्न गेली चाळीसेक वर्षं प्रत्येक सी शिकणाऱ्याला पडत आला आहे. उत्तर दोन ओळींत देता येईल. पण त्या दोन ओळींमागे जो इतिहास आहे, त्यात अख्खं इंटरनेट अडखळलं होतं. म्हणून जरा मागे जाऊ.

साचा आधी आला

'फॉरमॅट' म्हणजे साचा. संगणकाला माहिती साच्यात घालून द्यायची ही पद्धत सी भाषेच्या आधीची आहे. १९५७ साली आयबीएम कंपनीतल्या जॉन बॅकस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही भाषा आणली. त्या काळी माहिती जायची पंचकार्डांवरून. पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर ८० रकाने, आणि प्रत्येक रकान्यात भोकं पाडून एक अक्षर. प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायचं की पहिले पाच रकाने म्हणजे एक पूर्णांक, पुढचे दहा म्हणजे दशांशाची संख्या, वगैरे. यालाच फॉरमॅट म्हणायचे.

आपल्याकडेही हेच होतं. १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा शास्त्रज्ञ कार्डांचे गठ्ठे घेऊनच तिथे जायचे.

या पद्धतीत एक सोय होती, जी आज आपल्या लक्षातही येत नाही. कार्डाला ८० रकाने म्हणजे ८०च. एक्क्याऐंशीवं अक्षर कार्डावर मावतच नाही. पुठ्ठाच पहारा देत होता. माहिती किती लांब असू शकते हा प्रश्न प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायची गरजच नव्हती.

मग कार्डं गेली, आणि आला टेलिटाइप: टाइपरायटरसारखं यंत्र, तारेने संगणकाला जोडलेलं. त्यावर माणूस कितीही लांब ओळ टाइप करू शकतो. पुठ्ठ्याचा पहारा उठला. त्याच्या जागी कोण उभं राहणार, हा आपला आजचा विषय.

बेल लॅब्जमधली माणसं

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात मरे हिल इथे बेल लॅब्ज ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. तिथे केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स उभं केलं, आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला रिची यांनी सी भाषा घडवली. त्याच प्रयोगशाळेतल्या माइक लेस्क यांनी माहिती आत घेण्यासाठी आणि बाहेर पाठवण्यासाठी तयार फंक्शनांचा एक संच लिहिला. तोच पुढे सुधारून सीची स्टँडर्ड इनपुट-आउटपुट लायब्ररी झाला. १९७८ साली ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांचं सीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं, तोवर दोन नावं पक्की झाली होती: बाहेर छापायला प्रिंटएफ आणि आत घ्यायला स्कॅनएफ. दोन्हींतला शेवटचा 'एफ' म्हणजे फॉरमॅट.

स्कॅनएफ कसं काम करतं? तुम्ही त्याला एक साचा देता. 'परसेंट डी' म्हणजे पूर्णांक घे, 'परसेंट सी' म्हणजे एक अक्षर घे, 'परसेंट एस' म्हणजे एक शब्द घे. ते दारावर उभं राहतं. समोर रांग लागलेली असते, एकेका अक्षराची. साच्यात बसेल तेवढं आत घेतं, आणि जे बसत नाही ते तिथेच रांगेत उभं ठेवतं. आता आपल्या विद्यार्थिनीचं उत्तर ऐका.

ती वय टाइप करते: २५, आणि मग एंटर दाबते. रांगेत तीन जण उभे राहिले: दोन, पाच, आणि एंटर. हो, एंटर हेसुद्धा एक अक्षर आहे. 'परसेंट डी'ने दोन आणि पाच आत घेतले. एंटर हा काही अंक नव्हे, म्हणून त्याला रांगेतच ठेवलं. मग आला 'परसेंट सी', म्हणजे कोणतंही एक अक्षर. पुढे कोण उभा आहे? एंटर. घेतला आत. प्रोग्रॅमच्या मते तुकडी मिळाली, नाव 'एंटर'. म्हणून तो थांबला नाही.

'परसेंट डी' आणि 'परसेंट एस' आधीची रिकामी जागा आणि एंटर आपणहून ओलांडतात, 'परसेंट सी' ओलांडत नाही. म्हणून साच्यात 'परसेंट सी'च्या आधी एक मोकळी जागा सोडली की काम भागतं. त्या मोकळ्या जागेचा अर्थ: वाटेतली सगळी रिकामी अक्षरं ओलांड. झाली दोन ओळी. पण मी तुम्हाला एवढ्यावर सोडणार नाही, कारण हा नुसता ताप उतरवायचा उपाय आहे. दुखणं वेगळंच आहे.

मोजून घ्या

लष्करी संदेशाच्या वरच्या भागात एक आकडा असतो. त्याला ग्रुप काउंट म्हणतात: मजकुरात शब्दांचे किंवा सांकेतिक अक्षरांचे किती गट आहेत. घेणारा ऑपरेटर गट मोजतो. आकडा जुळला तरच पोच देतो, नाहीतर पुन्हा मागवतो. मध्यरात्री, पावसात, खरखरणाऱ्या रेडिओवरसुद्धा हे चुकवायचं नाही.

स्कॅनएफसुद्धा ग्रुप काउंट देतं. काम संपल्यावर ते एक आकडा परत करतं: साच्यातल्या किती गोष्टी खरोखर भरल्या. दोन मागितल्या आणि दोन मिळाल्या, तर दोन. पहिलीच बसली नाही, तर शून्य. काही मिळायच्या आतच इनपुट संपलं, तर ईओएफ नावाची ऋण संख्या. पण सी शिकवताना हा आकडा बघायची सवय फार कमी ठिकाणी लावली जाते.

न बघितल्याने काय होतं? वयाच्या जागी कोणी 'बारा' असं अक्षरांत टाइप केलं, समजा. 'परसेंट डी' म्हणतं, हा अंक नव्हे, आत येऊ देणार नाही. 'बारा' रांगेतच उभा. स्कॅनएफ शून्य परत करतं. प्रोग्रॅम तिकडे बघतच नाही, पुन्हा विचारतो. पुढे तोच 'बारा' उभा. पुन्हा नकार. प्रोग्रॅम असा गरगर फिरत राहतो, आणि वयाच्या जागी आधीचा जो काही कचरा असेल तोच राहतो.

आता आपल्या घरचं उदाहरण घ्या. आपण भारतीय माणसं रक्कम कशी लिहितो? १,२५,०००. लाखाचा स्वल्पविराम आपल्या हाताला लागलेला. 'परसेंट डी' यातून काय घेईल? एक. स्वल्पविराम दिसला की ते थांबतं. सव्वा लाखाचा झाला एक रुपया. आणि वर स्कॅनएफ सांगणार की एक गोष्ट मागितली, एक मिळाली, सगळं ठीक. म्हणजे नुसता ग्रुप काउंट जुळणंही पुरत नाही. संदेशाच्या शेवटी काही उरलं आहे का, हेही बघावं लागतं.

असंच एक 'परसेंट आय' आहे. तेही पूर्णांकच घेतं, पण सुरुवातीला शून्य दिसलं की ती संख्या अष्टमान पद्धतीची समजतं, कारण सीमध्ये तशी लिहायची रीत आहे. अष्टमानात आठ हा अंकच नसतो. आता ऑगस्ट महिना ०८ असा टाइप करून बघा. 'परसेंट आय' शून्य घेतं आणि आठला रांगेत ठेवतं. ऑगस्टचा शून्यावा महिना झाला. फॉर्मवर तारीख दोन अंकी लिहायची सवय आपल्याला शाळेपासून, आणि ती इथे अशी नडते.

२ नोव्हेंबर १९८८

इथवर चुकीची उत्तरं आली, कोणी मेलं नाही. आता खरी लढाई.

स्टँडर्ड लायब्ररीत 'गेट्स' नावाचं एक फंक्शन होतं. बिल गेट्स यांचा याच्याशी काही संबंध नाही. 'गेट स्ट्रिंग'चं ते आखूड रूप. काम साधं: एक अख्खी ओळ वाच आणि मी दाखवतो त्या जागी नेऊन ठेव. जागा कुठे आहे हे त्याला सांगायचं. जागा केवढी आहे हे सांगायची सोयच नव्हती. तुम्ही २० अक्षरांची जागा दिली आणि समोरच्याने ५०० अक्षरं टाइप केली, तर ते ५०० अक्षरं ठेवणार. पहिली २० तुमच्या जागेत, बाकीची शेजाऱ्याच्या घरात.

शेजारी कोण राहतो? प्रोग्रॅम चालताना मेमरीचा जो भाग वापरतो, त्याला स्टॅक म्हणतात. तिथे तुमच्या ओळीच्या जागेजवळच आणखी एक गोष्ट लिहिलेली असते: हे काम संपलं की परत कुठे जायचं, तो पत्ता. जवानाच्या मूव्हमेंट ऑर्डरवर लिहिलेलं असतं ना, ड्यूटी संपल्यावर अमुक ठिकाणी रिपोर्ट करा, तसंच. आता कोणी बाहेरून एवढी लांब ओळ पाठवली की तिचं शेपूट बरोबर त्या ऑर्डरवर जाऊन पडेल आणि तिथे नवा पत्ता लिहील, तर? जवान निमूटपणे नव्या पत्त्यावर जाईल. तिथे शत्रू बसलेला असेल.

२ नोव्हेंबर १९८८च्या संध्याकाळी हेच घडलं. कॉर्नेल विद्यापीठातला पदव्युत्तर विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस याने एक प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. सोडला मात्र एमआयटीच्या संगणकावरून. हा प्रोग्रॅम एका संगणकावरून दुसऱ्यावर आपणहून पसरायचा. घुसण्याच्या वाटा बऱ्याच होत्या: मेल पोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्रॅममधली एक उघडी राहिलेली खिडकी, सोपे पासवर्ड ओळखणं, एकमेकांवर विश्वास ठेवणाऱ्या संगणकांमधलं मोकळं दार. आणि एक वाट होती 'फिंगर' सेवेची.

फिंगर म्हणजे दुसऱ्या संगणकावर कोण काम करत आहे हे विचारायची सोय. तुम्ही नाव पाठवायचं, ती माहिती पाठवायची. ती सेवा पुरवणारा प्रोग्रॅम समोरून आलेली ओळ गेट्स वापरून वाचायचा. जागा ठेवली होती ५१२ बाइटची. मॉरिसच्या प्रोग्रॅमने ५३६ बाइट पाठवले. जास्तीच्या २४ बाइटांनी परतीच्या पत्त्यापर्यंत मजल मारली. त्या ओळीत नाव नव्हतंच. त्यात व्हॅक्स या संगणकाला कळतील अशा सूचना होत्या, आणि शेवटी त्या सूचनांचाच पत्ता. काम संपवून प्रोग्रॅम 'परत' गेला तो थेट त्या सूचनांवर, आणि संगणक पाहुण्याच्या हातात. सन कंपनीच्या संगणकांना त्या सूचना कळत नव्हत्या, म्हणून तिथे फिंगरचा प्रोग्रॅम नुसता कोलमडायचा.

मॉरिसच्या प्रोग्रॅमने फायली पुसल्या नाहीत. पण आधीच घुसलेल्या संगणकातही तो सातातून एकदा पुन्हा ठाण मांडायचा. एकेका संगणकावर इतक्या प्रती जमल्या की कामच ठप्प झालं. त्या वेळी इंटरनेटवर सुमारे ६०,००० संगणक असल्याचं मानत, आणि त्यांतले ६,००० बाधित झाले असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. बर्कली आणि एमआयटीमध्ये लोक रात्रभर जागून हा प्रोग्रॅम उलगडत बसले. फिंगरमधलं भोक बुजवायला काय लागलं? गेट्सच्या जागी एफगेट्स. एफगेट्सला जागा केवढी आहे तेही सांगावं लागतं. तेवढं भरलं की ते थांबतं. एका आकड्याचा फरक.

त्याच महिन्यात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा संस्थेने कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे पथक उभारलं, अशा हल्ल्यांच्या वेळी सगळ्यांना सावध करण्यासाठी. आज देशोदेशी अशी पथकं आहेत. आपल्याकडे सर्ट-इन आहे. मॉरिसवर १९८६च्या संगणक गैरवापर कायद्याखाली खटला चालला. १९९० साली शिक्षा झाली: तीन वर्षांची परिवीक्षा, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड.

आणि योगायोग बघा. या मुलाचे वडील, रॉबर्ट मॉरिस, बेल लॅब्जमध्ये काम केलेले. युनिक्समधल्या पासवर्डांच्या सुरक्षेवर त्यांनी केन टॉम्पसन यांच्याबरोबर लिहिलेला १९७९चा लेख आजही शिकवला जातो. १९८८ साली ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत, म्हणजे एनएसएमध्ये, संगणक सुरक्षेचंच काम बघत होते.

तेवीस वर्षं

आता तुम्ही म्हणाल, एवढं झाल्यावर गेट्सला लगेच हद्दपार केलं असेल. नाही केलं.

१९८९ साली सी भाषेचं पहिलं अधिकृत स्टँडर्ड आलं. त्यात गेट्स होतं. १९९९ साली दुसरं आलं. त्यातही होतं. जुने प्रोग्रॅम चालत राहिले पाहिजेत, हे कारण. वापरू नका असा शेरा २००७ साली पडला, आणि २०११च्या स्टँडर्डमधून ते काढून टाकलं. मॉरिसच्या रात्रीपासून मोजा: तेवीस वर्षं.

मला याचं नवल वाटत नाही. धोकादायक ठरलेली पद्धत बंद करायला कोणत्याही मोठ्या व्यवस्थेत वेळ लागतो. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १९७८च्या त्या पुस्तकातच कर्निगन आणि रिची यांनी ओळ वाचायचं स्वतःचं एक छोटं फंक्शन लिहून दाखवलं होतं. त्यात जागेची मर्यादा सांगायची सोय होती, आणि ओळ केवढी लांब येईल हे आधी कळत नाही म्हणून ती ठेवली आहे, असा खुलासाही होता. औषध पहिल्या दिवसापासून कपाटात होतं.

गेट्स गेलं म्हणून हायसं वाटू देऊ नका. स्कॅनएफमधला नुसता 'परसेंट एस' हा गेट्सचा सख्खा भाऊ. तोही जागा विचारत नाही. फरक इतकाच, की रिकामी जागा दिसली की थांबतो. त्याला मर्यादा घालता येते: २० बाइटची जागा असेल तर साच्यात परसेंट आणि एस यांच्या मध्ये १९ लिहायचे. १९ का? शेवटी एक बाइट शून्यखुणेसाठी लागतो. ओळ संपली हे सी त्यावरून ओळखतं. इथे आणखी एक खड्डा आहे. प्रिंटएफमध्ये आकड्याच्या जागी तारका लिहिली तर रुंदी बाहेरून देता येते. स्कॅनएफमध्ये त्याच तारकेचा अर्थ होतो, वाच पण ठेवू नकोस. एकाच घरातली दोन भावंडं, पण एकाच खुणेचे दोन अर्थ.

ही मर्यादा बाइटांची आहे, अक्षरांची नव्हे, हे आपण मराठी माणसांनी खास लक्षात ठेवावं. १९९२ साली केन टॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही लिप्या साठवायची पद्धत काढली. जगभर आज तीच चालते. तीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक खुणेला तीन. 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा खुणा, म्हणजे ३० बाइट. १९ची मर्यादा घातलेली असेल तर 'ज्ञाने' एवढं आत येतं, १८ बाइट, आणि वर श चा एक तृतीयांश तुकडा, जो कुठल्याच लिपीतलं अक्षर नाही. आपली नावं यादीत तुटून छापली जातात त्यामागे बऱ्याचदा अशीच मर्यादा असते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने 'वीस अक्षरं पुष्कळ झाली' म्हटलेलं असतं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर रोमन लिपी असते.

आपल्याकडचा अध्याय

भारतात सी भाषा घराघरांत गेली ती १९९०च्या दशकात. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचं 'लेट अस सी' देशभरच्या किती पिढ्यांच्या हातात पडलं असेल! आणि संगणकावर असायचं बोरलँड कंपनीचं टर्बो सी, निळ्या पडद्याचं. ते १९८७ साली आलं, आणि आपल्या महाविद्यालयांनी त्याला पुढे कितीतरी वर्षं निवृत्त होऊ दिलं नाही.

त्या निळ्या पडद्यावर एक तोडगा चालायचा. रांगेत अडकलेला एंटर घालवायला 'एफफ्लश' या फंक्शनला सांगायचं की इनपुटची रांग साफ कर. टर्बो सीमध्ये रांग साफ व्हायची. पण सीच्या स्टँडर्डमध्ये एफफ्लश आहे ते बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी. आत येणाऱ्या माहितीवर ते चालवलं तर काय होईल, याची स्टँडर्ड कसलीही हमी देत नाही. तोच प्रोग्रॅम लिनक्सवर नेला की एंटर पुन्हा जिथल्या तिथे. हा तोडगा वहीतून वहीत उतरत आजही चालला आहे. एका छावणीतले स्थानिक नियम संपूर्ण सैन्याचे नियम समजण्यासारखंच हे.

साचा कोणाच्या हातात?

२००० साली आणखी एक दार उघडं असल्याचं जगाला कळलं. फायली पाठवायच्या एफटीपी सेवेसाठी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या नावाने ओळखला जाणारा एक सर्व्हर प्रोग्रॅम फार वापरात होता. त्यात बाहेरून आलेला मजकूर छापताना तोच मजकूर साचा म्हणून वापरला जात होता. बाहेरच्या माणसाने मजकुरातच परसेंटच्या खुणा पाठवल्या की त्या पाळल्या जायच्या. त्यांत 'परसेंट एन' नावाची एक खूण अशी आहे, की ती छापत नाही, मेमरीत लिहिते. झालं, किल्ली बाहेरच्याच्या हातात.

धडा सरळ आहे. परवलीचा शब्द काय, हे पहारेकऱ्याने आत येणाऱ्याला विचारायचं असतं. 'आज परवलीचा शब्द कोणता ठेवू?' असं विचारायचं नसतं. साचा नेहमी आपल्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेला असावा. मजकूर बाहेरचा असेल तर तो साच्यात भरायचा माल, साचा नव्हे.

मग योग्य कवायत कोणती?

पत्र लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने, आणि तिच्याबरोबर सगळ्यांनी, हे चार टप्पे पाठ करावेत.

एक. एफगेट्सने अख्खी ओळ आत घ्या, जागा किती आहे ते सांगून. मग एंटरही ओळीबरोबरच आत येतो, रांगेत कोणी उरत नाही, आणि तुकडीचा प्रश्न उद्भवतच नाही.

दोन. ओळीच्या शेवटी एंटर आहे का बघा. असेल तर ओळ पूर्ण आली, तो काढून टाका. नसेल तर ओळ जागेपेक्षा लांब होती. उरलेली वाचून फेकून द्या आणि माणसाला सांगा, ओळ फार लांब झाली.

तीन. आता घरात घेतलेल्या ओळीची झडती घ्या. संख्या हवी असेल तर 'स्ट्रटोल' हे फंक्शन वापरा. संख्या कुठे संपली ते ते दाखवतं, म्हणून सव्वा लाखाच्या स्वल्पविरामापाशी ते थांबलं हे तुम्हाला दिसतं. संख्या मावण्यापलीकडे मोठी असेल तर तेही 'एररनो'मधून कळवतं. 'परसेंट डी'ला संख्या मावली नाही तर काय होईल याची स्टँडर्ड हमी देत नाही. आधार पद्धत मात्र दहा अशी स्पष्ट सांगा, म्हणजे ०८ चा घोटाळा होणार नाही. अनेक गोष्टी असतील तर स्कॅनएफचा भाऊ एसस्कॅनएफ त्या ओळीवर चालवा, शब्दांना मर्यादा घालून, आणि परत आलेला आकडा मोजा.

चार. जे मिळालं ते अर्थाला धरून आहे का बघा. वय २५० नसतं, महिना १३वा नसतो. साच्यात बसलं म्हणजे खरं असतंच असं नाही.

लांबलचक ओळीवर एसस्कॅनएफ पुन्हा पुन्हा चालवताना मात्र जपा. काही लायब्रऱ्यांमध्ये ते दर वेळी ओळीचं शेवटचं टोक शोधत जातं. २०२१ साली जीटीए ऑनलाइन या प्रसिद्ध खेळाच्या एका चाहत्याने शोधून काढलं, की खेळ सुरू व्हायला मिनिटंच्या मिनिटं लागतात त्याचं एक कारण हेच होतं. १० मेगाबाइटच्या एका मजकुरातला एकेक तुकडा वाचताना दर वेळी उरलेला अख्खा मजकूर मोजला जात होता. त्याच्या दुरुस्तीने थांबण्याचा वेळ सुमारे ७० टक्के कमी झाला, आणि कंपनीने त्याला १०,००० डॉलर बक्षीस दिलं.

पहारा कोणासाठी?

नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या एनएसएने, म्हणजे जिथे थोरले मॉरिस काम करत होते त्याच संस्थेने, सल्ला दिला, की शक्य तिथे सी आणि सी-प्लस-प्लस सोडून मेमरी सांभाळणाऱ्या भाषांकडे वळा. सल्ला योग्य आहे. पण सी लवकर जाणार नाही. लिनक्सचा गाभा सीमध्ये आहे. घरातल्या राउटरपासून कारखान्यातल्या नियंत्रकापर्यंत छोट्या यंत्रांत सीच बसलेली आहे. ती जपणारी आणि नवी लिहिणारी मुलं आजही आपल्या वर्गांतून बाहेर पडत आहेत, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हाताला जी सवय लागते ती पुढे वीस वर्षं टिकते.

बेल लॅब्जमध्ये समोर टाइप करणारा माणूस शेजारच्या खोलीतला सहकारी होता. त्याच्यावर विश्वास ठेवणं चूक नव्हतं. पण तोच प्रोग्रॅम नेटवर्कला जोडला त्या दिवशी समोरचा माणूस अनोळखी झाला, आणि पहाऱ्याचे नियम मात्र शेजाऱ्याचेच राहिले. १९८८मध्ये जे झालं ते या अंतरामुळे.

पहारेकरी 'थम! कौन आता है?' असं विचारतो तेव्हा तो कोणाचा अपमान करत नसतो. कमांडिंग ऑफिसर आले तरी त्याने हेच विचारायचं असतं, आणि चांगला ऑफिसर त्याबद्दल त्याची पाठ थोपटतो. अंधारात येणारे बहुतेक आपलेच असतात. त्यांतला एखादा दमून, घाईत, चुकून वेगळ्या वाटेने आलेला असतो. सव्वा लाख लिहिताना स्वल्पविराम देणाऱ्या आजोबांसारखा. त्याला नीट ओळखून घेणं हेही पहाऱ्याचंच काम आहे. हल्लेखोराला अडवणं आणि आजोबांची रक्कम बरोबर लिहून घेणं, दोन्हीला एकच शिस्त लागते: किती आलं ते मोजा, काय उरलं ते बघा, आणि मगच आत घ्या.

पुढच्या भागात आपण पुन्हा डोंगरांकडे वळू. तोवर रजा घेतो. जय हिंद.